कोकणातल्या वाऱ्यासाठी घरीच बनवा पर्मनंट मॅग्नेट अल्टरनेटर: डिस्क, कॉइल, रेझीन ते बॅटरी, सगळं सविस्तर

कोकणात सोलर लावलेल्या प्रत्येकाला हे माहितीय की जून लागला की पॅनल झोपतं. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, नेमका त्याच वेळी लाइटचा पण भरवसा नसतो, कुठेतरी फांदी पडते, वायरमन बिचारा पावसात किती ठिकाणी धावणार. आणि त्याच दिवसांत सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळी माळावर, उभं राहिलं तर छत्री धरवत नाही एवढा वारा असतो. म्हणजे सोलर जेव्हा कमी पडतं बरोब्बर तेव्हाच वारा भरपूर, ही जोडी आपल्याकडे निसर्गानेच लावून दिलीय. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात कितीतरी वाड्यांवर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, मोबाइल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याकडे रांग लावत होते. तेव्हापासून बरेच जण विचारतात की छोटी पवनचक्की घरी होईल का. होते. फक्त तिचा जीव अल्टरनेटरमध्ये, म्हणजे फिरण्यातून वीज काढणाऱ्या भागात आहे आणि कोकणात त्याचा खरा दुश्मन वादळ नसून खारी हवा आहे, म्हणून हा पूर्ण लेख अल्टरनेटरवर आणि त्यात मीठ-पाणी शिरू न देण्यावर आहे. पाती, शेपूट, खांब याबद्दल गरजेपुरतंच लिहितो.

आधी एक अपेक्षा नीट करून घ्या. 2.4 मीटर व्यासाच्या पंख्याने वारा अडवला जातो साधारण साडेचार चौरस मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि कितीही भारी पंखा बनवला तरी त्यातली 59.3 टक्क्यांच्या वर काढताच येत नाही, हा बेट्झचा नियम आहे. घरगुती मशीनला पाती, अल्टरनेटर, केबल सगळ्यांचे लॉस धरून पाव हिस्सा मिळाला तरी उत्तम. हिशोब केला तर 4 मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला चाळीसेक वॉट, 5 ला ऐंशी-पंच्याऐंशी आणि 8 ला साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर दोन-तीन बल्ब आणि मोबाइल, पावसाळ्यात मात्र फ्रिज सोडून घरातलं बऱ्यापैकी सगळं. एसी, गिझर, पंप विसरा. आणि जागा बघा. माडाच्या वाडीत मधोमध खांब उभा करून काही उपयोग नाही, झाडांमुळे वारा नुसता घुसळतो. 100 मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा 10 मीटर तरी वर पंखा पाहिजे, नाहीतर सरळ सड्यावर मोकळ्या कातळावर जा. 1986 मध्ये देशात पहिल्या सरकारी पवनचक्क्या लागल्या त्यातला एक प्रकल्प आपल्याच किनाऱ्यावर होता, देवगडला तर पवनचक्क्या गावाची ओळखच झाल्या, आणि तिथेही जागा निवडली ती उघड्या सड्याची.

गाडीचा अल्टरनेटर का नाही

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. भंगारात गाडीचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतो मग तोच का नको? तो हजारच्या वर आरपीएमला नीट काम सुरू करतो, आणि आपला पंखा हलक्या वाऱ्यात जेमतेम 140 ने फिरतो. मग पट्टा-पुली लावा, त्यात ताकद घालवा, शिवाय आत फील्ड कॉइल असते तिला बॅटरीतूनच करंट द्यावा लागतो, म्हणजे वारा नसताना उलटी बॅटरीच रिकामी. आपल्याला पाहिजे तो थेट पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या फिरत्या भागावर बसणारा, हळू फिरला तरी व्होल्टेज देणारा. त्यासाठी सगळ्यात सोपी रचना म्हणजे दोन लोखंडी डिस्क, दोन्हीवर मॅग्नेट, आणि मधल्या फटीत रेझीनमध्ये ओतलेल्या कॉइल्सची चकती. डिस्क फिरतात, चकती स्थिर. चकतीत लोखंड अजिबात नाही त्यामुळे मॅग्नेट कुठे अडकत नाहीत, अगदी झुळकेत पण पंखा सुटतो. घरी बनवायला यापेक्षा सुटसुटीत काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मी इथे 24 व्होल्टचा सेट धरून आकडे देतोय. 12 व्होल्टला करंट दुप्पट होतो, केबल जाड लागते, आणि आपल्याकडे खांब घरापासून लांबच असतो. इन्व्हर्टरच्या दोन 150 अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की 24 झाले.

सामान

मॅग्नेट 24 नग, निओडिमियम, 46 × 30 × 10 मिमी, एन42 ग्रेड, निकेलचं कोटिंग, 10 मिमी जाडीतून मॅग्नेटाइझ केलेले. हे ऑनलाइन मागवा, दोन जास्तीचे घ्या कारण एखाद्याचा कोपरा उडालेला असतो. लोखंडी डिस्क दोन, 300 मिमी व्यास, 10 मिमी जाडी, लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतल्या तर भोकं एकदम सेंटरला येतात. हबसाठी मारुती 800 चं मागच्या चाकाचं हब स्पिंडलसकट, भंगारवाल्याकडे मिळतं, बेअरिंग मात्र नवीन टाका. तांब्याची वाइंडिंग वायर 17 गेज, लागते सव्वादोन किलोच्या आसपास पण तीन किलो आणा, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. स्टड सगळे स्टेनलेस स्टील 304 चे, एम12. आणि रेझीन, हार्डनर, फायबर मॅट यासाठी कुठे शहरात जायची गरज नाही, हर्णै, मिरकरवाडा, मालवण, देवगड, जिथे जिथे फायबरच्या होड्या बनतात किंवा दुरुस्त होतात तिथे हे सगळं मिळतं आणि वापरायचं कसं ते सांगणारे कारागीर पण तिथेच भेटतात. त्यांच्याकडून शिकून घ्या, ती माणसं वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकणारं काम करतात. रेझीन शक्यतो विनाइल एस्टर घ्या. साधं पॉलिएस्टर चालतं पण पाण्यापुढे विनाइल एस्टर जास्त टिकतं, आणि इथे दोन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

मॅग्नेट डिस्क

डिस्क आल्या की पहिलं काम, जिथे मॅग्नेट बसणार तो पट्टा सँडपेपरने घासून थिनरने पुसायचा. मॅग्नेटची बाहेरची कड डिस्कच्या कडेला, म्हणजे आतली कड सेंटरपासून 104 मिमीवर येते. दर 30 अंशाला एक, असे बारा. हे डोळ्याने होत नाही, 6 मिमी प्लायची एक जाळी कापून घ्या, बारा खाचांची, ती डिस्कवर बोल्टने पक्की करा आणि एकेक मॅग्नेट त्या खाचेत बाहेरून आत सरकवा. वरून ठेवायला जाऊ नका. हे मॅग्नेट लोखंडावर असे झेपावतात की बोट मध्ये आलं तर कातडी फाटते, नख काळं पडतं, आणि दोन मॅग्नेट एकमेकांवर आपटले तर तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. चष्मा घाला. हातात जाड मोजे. टेबलावरून पाने, पक्कड, लोखंडाचा कीस सगळं लांब. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना या कामाजवळ फिरकू देऊ नका.

पोल एक आड एक लागतात, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण. एका मॅग्नेटच्या एका बाजूला मार्करने खूण करून तो हातात घट्ट धरा, तोच तुमचा टेस्टर. लावलेल्या मॅग्नेटांवरून तो फिरवला की एक ओढेल, पुढचा ढकलेल, परत ओढेल. बारा पूर्ण झाले की दोन वेळा असं तपासा, कारण रेझीन ओतल्यावर एक जरी उलटा निघाला तरी काही करता येत नाही. दुसरी डिस्क लावताना समोरासमोर विरुद्ध पोल आले पाहिजेत, म्हणून दोन्ही डिस्क एकावर एक ठेवून एक 5 मिमीचं आरपार भोक मारून घ्या मॅग्नेट लावायच्या आधीच, आणि त्या भोकासमोरचा मॅग्नेट पहिल्या डिस्कवर उत्तर तर दुसऱ्यावर दक्षिण. जोडताना ते भोक जुळवलं की झालं.

आता गंजाचा विषय, इथे जरा थांबतो कारण कोकणात मशीन मरतं ते इथेच. निओडिमियम मॅग्नेट म्हणजे मुख्यत: लोखंड आणि ते अतिशय गंजणारं. वरचं निकेल चकचकीत दिसतं पण कोपऱ्यावर केसाएवढा ओरखडा असेल ना, तर खारी हवा तिथून आत जाते. सुरुवातीला निकेलवर एक बारीक फुगवटा दिसतो, बोट फिरवलं तरच कळतो. मग तो फुटतो, आतून राखाडी भुकटी निघते आणि मॅग्नेटचा चेहरा वर उचलला जातो. मॅग्नेट आणि कॉइलची चकती यांच्यात आपली फट असते दीड मिमीची. फुगलेला मॅग्नेट त्या फटीतून कॉइलच्या चकतीला घासायला लागतो, रेझीन खरवडून तार उघडी करतो, आणि एका पावसात शॉर्ट. म्हणून मॅग्नेट चिकटवायच्या आधी प्रत्येकाला दोन हात इपॉक्सी प्रायमर मारायचा, वाळू द्यायचा. मग इपॉक्सीने डिस्कवर चिकटवायचा. मग डिस्कच्या कडेला स्टेनलेसची पातळ पट्टी गोल बांधायची, मध्ये प्लायची चकती ठेवायची, आणि मॅग्नेटांच्या मधल्या सगळ्या जागा भरून वर एक पातळ थर येईल असं विनाइल एस्टर ओतायचं, वरून पातळ फायबर मॅट. डिस्कची मागची बाजू गॅल्व्हनाइझ करता आली तर ती मॅग्नेट लावायच्या आधी, नंतर नाही, कारण साध्या एन ग्रेडचे मॅग्नेट 80 अंशाच्या वर गेले की कायमची ताकद गमावतात. त्याच कारणाने रेझीन एकदम न ओतता दोन थरांत ओता, घट्ट होताना ते चांगलंच तापतं. आणि मॅग्नेट लावलेल्या डिस्कजवळ वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही.

कॉइल

नऊ कॉइल. बारा पोलांना नऊ कॉइल हे गणित बसतं कारण प्रत्येक तिसऱ्या कॉइलसमोर एकाच वेळी सारखाच पोल येतो, त्यामुळे आपोआप थ्री फेज, म्हणजे तीन-तीन कॉइलच्या तीन गटांची एसी वीज मिळते. कॉइलच्या मधली मोकळी जागा मॅग्नेटएवढीच, 46 × 30, आणि दोन्ही बाजूंच्या वेढ्यांची रुंदी 20-20 मिमी. कॉइलची बाहेरची रुंदी 70 मिमीच्या वर गेली की नऊ बसत नाहीत, एकमेकांवर चढतात, हे लक्षात ठेवून वेढे घाला. जाडी 12 मिमी.

वाइंडिंगसाठी 12 मिमी प्लायचा 46 × 30 चा ठोकळा, कोपरे गोल केलेले, त्याच्या दोन्ही बाजूंना प्लायचे गाल, आणि मधून बोल्ट घालून एक हँडल. गालांना खाचा ठेवा म्हणजे कॉइल पूर्ण झाली की तिथून सुतळी किंवा टेप घालून बांधता येते, नाहीतर काढल्या काढल्या उसवते. तार ओढून धरायची पण करकचून नाही, एनॅमल खरवडलं तर संपलं. डाव्या हाताच्या बोटांमध्ये कापडाची घडी धरून त्यातून तार येऊ द्या, वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटत गेला की बोटाला एक बारीक ठेच जाणवते, ती जाणवली नाही तर कुठेतरी तार वर चढली आहे, दोन वेढे मागे या आणि नीट बसवा. नवऱ्या मुलाची मुंडावळी बांधतो तेवढ्याच निगुतीने हे काम करायचं, कारण 20 मिमीमध्ये 80 टर्न, म्हणजे वेढे बसवायचे तर ढिलाई चालतच नाही. सगळ्या कॉइल एकाच दिशेने गुंडाळा आणि सुरुवातीच्या टोकाला लाल टेप लावा.

पण थांबा, नऊच्या नऊ लगेच गुंडाळू नका! आधी एकच, 80 टर्नची. दोन्ही डिस्क हबवर चढवून (कशा चढवायच्या ते खाली आहे) चकतीच्या जागी ही एक कॉइल फळीवर बांधून मध्ये धरा आणि डिस्क फिरवा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून सेकंदाला एक फेरी, म्हणजे 60 आरपीएम. ट्रू आरएमएस मल्टिमीटरवर दीड व्होल्टच्या आसपास एसी आलं पाहिजे. ते कशाला? तर 24 ची बॅटरी चार्ज व्हायला सुरुवात होण्यासाठी एसीची डीसी करणाऱ्या डायोडमध्ये जाणारे दीड व्होल्ट धरून दोन लाइनमध्ये 18 व्होल्ट एसी लागतात. त्याला 1.73 ने भागा, 10.4 आले, ते एका फेजचे, आणि फेजमध्ये तीन कॉइल, म्हणजे कॉइलला साडेतीन व्होल्ट. 3 मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात आपला 2.4 मीटरचा पंखा 140 आरपीएमच्या आसपास फिरतो, तिथे हे साडेतीन व्होल्ट पाहिजेत, म्हणजे 60 ला दीड. तुमच्या कॉइलला 1.7 आले तर टर्न त्याच प्रमाणात कमी करा, 1.3 आले तर वाढवा किंवा फट कमी करा. मॅग्नेटची ताकद, फट, तुमच्या हाताची वाइंडिंग प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचा टर्नचा आकडा डोळे झाकून घेण्यात अर्थ नाही. एका कॉइलला तासभर लागतो आणि ती तीन किलो तांबं वाचवते.

व्होल्टेज जास्त आलं तर चांगलंच ना, असं वाटेल. नाही. फार कमी आरपीएमला चार्जिंग सुरू झालं तर बॅटरी पंख्याला धरून ठेवते, पाती वेगच घेत नाहीत, आणि जोराच्या वाऱ्यातही मशीन रेंगाळतं.

जोडणी

कॉइलींना 1 ते 9 नंबर द्या. 1, 4, 7 एक फेज. 2, 5, 8 दुसरी. 3, 6, 9 तिसरी. 1 चं शेवटचं टोक 4 च्या लाल टोकाला, 4 चं शेवटचं 7 च्या लाल टोकाला, तसंच बाकी दोन्हीचं. 7, 8, 9 ची शेवटची टोकं एकत्र सोल्डर, तो स्टार पॉइंट. 1, 2, 3 ची लाल टोकं बाहेर, या तीन तारा खाली बॅटरीपर्यंत जाणार. जोड करताना एनॅमल सँडपेपरने पूर्ण खरवडा, तांबं गुलाबी दिसलं पाहिजे, मग पिळा, मग सोल्डर, मग स्लीव्ह. सगळे जोड चकतीच्या बाहेरच्या कडेला, रेझीनच्या आत राहतील असे ठेवा. उघड्यावर जोड जितके कमी तितका हिरवा गंज कमी.

ओतायच्या आधी सगळ्या कॉइल कोरड्याच गोल मांडून, घट्ट बांधून, दोन डिस्कच्या मध्ये धरून डिस्क एकदा फिरवून बघा. तिन्ही लाइनच्या जोड्यांत सारखं व्होल्टेज पाहिजे, 60 आरपीएमला साधारण पावणेआठ. कुठे कमी दिसलं तर एखादी कॉइल उलटी पडली आहे.

चकती ओतणे

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये करा. पावसाळी दमट हवेत रेझीन वरून चिकट राहतं आणि मे महिन्यात ऊन एवढं की हातातल्या डब्यातच गोळा होतो. सकाळी लवकर, सावलीत.

साचा: खाली जाड प्लायचा पाट, त्यावर 12 मिमी प्लाय आणि 1 मिमी सनमायका मिळून 13 मिमीची चौकट, मधलं वर्तुळ 420 मिमीचं, आणि मध्ये हबसाठी 155 मिमीची बेटासारखी चकती. वर झाकणाचा पाट. जिथे रेझीन लागणार तिथे सगळीकडे मेणाचं पॉलिश दोन-तीन हात, होडीवाले साच्याला लावतात तेच. कडांना पण. नाहीतर चकती निघणार नाही, फोडावी लागेल.

रेझीनमध्ये शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क, वजनाने जवळपास अर्धी मिसळायची. त्याने रेझीन कमी तापतं आणि कॉइलची उष्णता बाहेर पडायला मदत होते. पण पहिला थोडा भाग पुडीशिवाय पातळच ठेवा, तो कॉइलच्या वेढ्यांत मुरतो. तळाला फायबर मॅटची रिंग, तिच्यावर पातळ रेझीन ब्रशने भिजवा, कॉइल ठेवा, नंबर परत तपासा, मग पुडीचं मिश्रण ओता, वरून परत मॅट. लाकडी दांड्याने साच्याच्या बाजूला टकटक करत राहा, बुडबुडे वर येताना दिसतात, ते येणं थांबेपर्यंत करा. मग झाकण आणि क्लॅम्प. क्लॅम्प आवळताना जास्तीचं रेझीन कडेने बाहेर यायला पाहिजे, आलं नाही तर आत हवा आहे.

सुरक्षेचं एकच पण फार महत्त्वाचं. काही ठिकाणी रेझीनसोबत दोन बाटल्या मिळतात, कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर. या दोन गोष्टी एकमेकांत थेट कधीच मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग वेगळ्या चमच्याने हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझीन मागा, मग फक्त एक-दीड टक्का हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे चष्मा इथेही. आणि पडवीत, मोकळ्या हवेत काम करा, बंद खोलीत त्या वासाने डोकं धरतं.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवा. कडा घासा, कुठे तार दिसत असेल तर तिथे परत रेझीन. चकतीच्या बाहेरच्या कडेला, सेंटरपासून 195 मिमीवर, तीन भोकं स्टडसाठी.

एकत्र बसवणे

मागची डिस्क हबवर, मॅग्नेट बाहेर. मग चकती स्थिर फ्रेमच्या तीन स्टडवर, नट पुढे-मागे करून डिस्कपासून दीड मिमी फट, सगळीकडे सारखी. मग पुढची डिस्क, आणि इथे खबरदारी! दोन डिस्क जवळ आल्या की त्यांच्यातली ओढ दोन-अडीचशे किलोची असते. हाताने धरून ठेवणं कोणाच्याही बापाला शक्य नाही. म्हणून पुढच्या डिस्कला तीन एम10 चे आट्याचे होल करून घ्या, त्यात लांब बोल्ट, ते बोल्ट मागच्या डिस्कवर टेकवा, आणि प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा उलटा सोडत डिस्क हळूहळू खाली आणा. काढताना पण असंच. मागे-पुढे फट समान झाली की हबच्या स्टडवर स्पेसर आणि नट, त्यावर थ्रेड लॉक.

मग हाताने फिरवा. तारा मोकळ्या असताना एकदम हलकं, आवाज न करता फिरलं पाहिजे. दोन तारा एकमेकांना लावल्या की हिसके देत जड. तिन्ही लावल्या की सलग जड. हे जाणवलं तर तुमचा अल्टरनेटर बरोबर आहे. मोकळ्या तारा असतानाही जड असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, खांबावर चढवू नका.

खाली बॅटरीपर्यंत

खांबावरून खाली येणाऱ्या केबलला सबमर्सिबल पंपाची तीन कोअर चपटी केबल वापरा, 6 स्क्वेअर मिमी. ती पाण्यासाठीच बनलेली असते आणि कोअर पण बरोबर तीन. खाली एसीची डीसी करणारा थ्री फेज ब्रिज रेक्टिफायर मोठ्या हीटसिंकवर, घराच्या आत, खांबावर नको. रेक्टिफायरच्या आधी एक स्विच असा की तिन्ही तारा शॉर्ट होतील, हा तुमचा ब्रेक. वारा पडलेला असताना टाका, सोसाट्यात टाकला तर कॉइल जळू शकते. बॅटरीपाशी फ्यूज.

सोलरचा साधा चार्ज कंट्रोलर इथे चालत नाही. तो बॅटरी भरली की लाइन तोडतो, आणि लाइन तुटली की पंख्यावरचा लोड जातो, पंखा सुसाट सुटतो, व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. पाहिजे तो डंप लोडवाला, बॅटरी 28.8 व्होल्टला पोचली की जास्तीची वीज हीटर कॉइलमध्ये वळवणारा. पावसाळ्यात त्या हीटरवर कपडे वाळतात, तेवढीच सोय. या तारेच्या गेजला 10-12 अँपिअर आरामात चालतात, त्याच्या वर बराच वेळ गेलं की चकती तापायला लागते.

म्हणूनच शेपूट बाजूला दुमडणारं पाहिजे. पंख्याचा मध्य खांबाच्या मध्यापासून 100 ते 125 मिमी बाजूला, शेपटीची बिजागरी 20 अंश तिरकी, म्हणजे जोराचा वारा आला की पंखा आपोआप तोंड वळवतो. हे वगळून कोणी मशीन उभं करत असेल तर पहिल्याच पावसाळ्यात कॉइल जाईल. पाती तीन, प्रत्येकी 1.2 मीटर, शिवणीच्या लाकडाची करा, हलकं असतं आणि वाकत नाही.

खांब बुंध्याशी बिजागरीवर आडवा पाडता येणाराच घ्या, चार बाजूंनी गॅल्व्हनाइझ्ड वायररोप. वादळाची सूचना आली की ब्रेक टाकून खांब आडवा, मशीन वाऱ्यात ठेवून बघत बसायचं नाही. अर्थिंगसाठी कातळात रॉड ठोकून काही मिळत नाही, जांभ्यात ओल टिकत नाही, त्यामुळे पट्टी विहिरीजवळच्या किंवा माडाच्या आळ्याच्या ओलसर मातीपर्यंत न्या आणि तिथे कोळसा-मीठ घालून खड्डा करा. मे अखेरीचे विजांचे दिवस बघता यात कुचराई नको.

देखभाल वर्षातून दोनदा, एकदा मे च्या मध्यात आणि एकदा दसऱ्याच्या आसपास. खांब आडवा करून गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, मिठाचा थर निघाला पाहिजे. फटीतून टॉर्च मारून मॅग्नेटांवरच्या रेझीनला तडा आहे का बघायचं, असेल तर घासून, वाळवून इपॉक्सी भरायचं. फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहून ठेवायची, मागच्या वेळेपेक्षा कुठे कमी झाली असेल तर त्या जागेचा मॅग्नेट फुगतोय असं समजून डिस्क काढा. बेअरिंगमध्ये होडीवाल्यांचं वॉटरप्रूफ ग्रीस. शेवटी तिन्ही तारा सोडवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तारा आणि डिस्क यांच्यातलं इन्सुलेशन बघायचं, वायरमनकडे मेगर असतोच, एक मेगाओहमच्या खाली आलं तर चकती उन्हात दोन दिवस वाळवून, कडांना परत रेझीन मारून मगच वर चढवायची.